एकच तक्ता, दोन बहिणी

पत्र : मी ४४ वर्षांची आहे. उंची १५७ सेंटीमीटर, वजन ६६ किलो होतं. धाकटी बहीण ३६ची, उंची १६५, वजन ७४ किलो. तीन महिन्यांपूर्वी दोघींनी एकाच दिवशी एकच तक्ता भिंतीवर लावला. रात्री नऊ ते दुपारी एक काही खायचं नाही, उरलेल्या वेळेत १२०० कॅलरी, धान्य जवळपास बंद आणि आठवड्यातून सहा दिवस सकाळी उपाशीपोटी पाच किलोमीटर पळायचं. तिचं वजन नऊ किलोंनी उतरलं, माझं अडीच. माझे केस मूठमूठ गळतात, भर दुपारी थंडी वाजते, जिना चढताना धाप लागते. पाळी आधी खूप जायची, आता दोनदा चुकली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत कळ येते. रात्री तीनला जाग येते ती येतेच. संध्याकाळी ऑफिसातून आले की कोणी बघत नाही ना ते पाहून उभ्या उभ्या बिस्किटांचा डबा अर्धा करते आणि मग स्वतःचाच राग येतो. बहीण म्हणते, तू नीट पाळत नाहीस. तिचं काम दिवसभर उभ्याने, माझं खुर्चीत. माझं मेटाबॉलिझम बंद पडलंय का? आता थुंकीची जनुकीय चाचणी करून खास माझा आहार ठरवून घ्यावा म्हणते. करू का? – थोरली

थोरल्या ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वजनाच्या आकड्यांसाठी, दुसऱ्यांदा तुम्ही जाता जाता सांगून टाकलेल्या गोष्टींसाठी. धाप, थंडी, चुकलेली पाळी. तुमचा प्रश्न वजनाचा आहे, पण उत्तराची सुरुवात मी इथूनच करणार. वजन कुठे पळून जात नाही.

पळणं तूर्त थांबवा. कायमचं नाही, डॉक्टरांकडे जाऊन रिपोर्ट हातात येईपर्यंत. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी-१२ एवढं तपासायचं आहे असं त्यांना सांगा, बाकी काय जोडायचं ते ते ठरवतील. फेरिटिनचा आग्रह मुद्दाम धरा. ते शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देतं. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही कोठार रिकामं होत आलेलं असू शकतं, आणि थकवा, केसगळती तेव्हाच सुरू झालेली असते. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार पाळी येणाऱ्या बाईला रोज १८ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला ८. ज्यांची पाळी खूप जाते त्यांना अनेकदा १८ही पुरत नाही. आता १२०० कॅलरींत, तेही धान्य वजा करून, एवढं लोह कुठून आणणार? ताटात जागाच नाही. थायरॉइड मंदावलं तरी थंडी वाजते, केस जातात आणि वजन हलत नाही. तुमच्या वयात पाळी मागेपुढे होते ती रजोनिवृत्ती जवळ आल्यामुळेही. म्हणून अंदाज नको. आणि गर्भधारणेची शक्यता असेल तर ती चाचणी सगळ्यांत आधी. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे विचारलं की बायका हसतात, डॉक्टर हसत नाहीत.

आता त्या तक्त्याकडे येऊ. शरीर नुसतं पडून राहिलं तरी त्याला किती ऊर्जा लागते याचा अंदाज बांधायला १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिऑर नावाचं सूत्र आहारतज्ज्ञ वापरतात. वजनाची दसपट, उंचीची सव्वासहा पट, त्यातून वयाची पाचपट वजा, आणि बायकांसाठी आणखी १६१ वजा. तुमचे आकडे घातले की १२६० येतात. धाकटीचे १४३०. हे अंथरुणात पडून राहण्याचे. तुम्ही खुर्चीत बसून काम करता, ती दिवसभर उभी असते. तो फरक धरला तर पळणं सोडून तुमचा दिवसाचा खर्च साडेसतराशेच्या आसपास, तिचा तेवीसशेच्या. सूत्र सरासरीचं आहे, खरा आकडा दहा टक्के इकडेतिकडे सहज जातो, कधी त्याहून जास्तही. पण चित्र कळायला पुरे. त्याच १२०० कॅलरींनी तुमची तूट होते साडेपाचशेची, तिची अकराशेची. दोघींनी एकच तक्ता पाळला असं तुम्ही म्हणता. मी म्हणेन, एकच कागद पाळला.

इथे मला जरा गंमत वाटली, ती सांगतो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानाने ७७०० कॅलरी. धाकटीचे नऊ किलो नव्वद दिवसांत गेले, म्हणजे रोज सुमारे ७७० कॅलरींची तूट. कागदावर मात्र तिची तूट पळणं धरून चौदाशेच्या घरात जाते. तेव्हा धाकटीही १२०० वर राहत नसणार! ती खोटं बोलते असं मुळीच नाही. आपण खाल्लेलं सगळेच कमी मोजतो, आणि वजन उतरू लागलं की शरीरही थोडा हात आखडता घेतं. पण ‘तू नीट पाळत नाहीस’ हे वाक्य दोघींनाही लागू आहे. बहुधा तिच्या बाबतीत ते न पाळणंच तिला सांभाळून गेलं.

तुमचाही हिशेब करू. पळणं धरून कागदावरची तूट साडेआठशेच्या आसपास, प्रत्यक्षात वजनावरून दिसते ती रोजची दोनशे. मधल्या सहाशे-साडेसहाशेंचं काय झालं? काही बिस्किटांच्या डब्यात गेल्या, हे तुम्हीच लिहिलंय. उरलेल्या तुम्ही न हललेल्या हालचालींत. सकाळी उपाशीपोटी पाच किलोमीटर पळून आलेलं माणूस उरलेला दिवस नकळत कमी हलतं. पाणी मागवून घेतं, उभ्याने बोलायचा फोन बसून घेतं, जिन्याऐवजी लिफ्ट. ही किरकोळ हालचाल फारच मोठी चीज आहे. १९९९ साली जेम्स लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. एकाची चरबी जेमतेम ३६० ग्रॅमनी वाढली, दुसऱ्याची सव्वाचार किलोंनी. व्यायाम कोणीच करत नव्हतं. फरक मुख्यतः उठबस, चुळबुळ, येरझाऱ्या यांचा होता. जास्त खाल्ल्यावर काही शरीरं आपोआप जास्त हलू लागली, काही नाही. पोटाला चिमटा काढला की हेच उलट्या दिशेनं होतं.

तेव्हा मेटाबॉलिझम बंद पडलेलं नाही. ते बंद पडतं माणूस गेल्यावरच. तिशी उलटली की ते मंदावतं हेही जितक्या ठामपणे सांगितलं जातं तितकं खरं नाही. २०२१ मध्ये ६४००हून अधिक माणसांची मोजमापं एकत्र करून पाहिली, तेव्हा शरीराच्या आकाराचा हिशेब लावल्यावर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास सपाट निघाला. मध्यंतरी कमी होतात ते स्नायू आणि हालचाल, आणि या दोन्हींवर इलाज आहे.

मग सख्ख्या बहिणींत एवढा फरक का? बहिणींची निम्मी जनुकं सारखी असतात, सगळी नाहीत. कॅनडात क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांवर प्रयोग केला, तो १९९० साली प्रसिद्ध झाला. शंभर दिवसांपैकी ८४ दिवस प्रत्येकाला हजार कॅलरी जास्त. कोणाचं वजन ४.३ किलोंनी वाढलं, कोणाचं १३.३ किलोंनी. पण एका जोडीतल्या दोघांची वाढ एकमेकांच्या बरीच जवळ होती. म्हणजे अंगाचा धर्म असा काही असतो, आणि तो बराचसा जन्मतःच मिळतो. व्यायामाचंही तसंच. ‘हेरिटेज’ या मोठ्या अभ्यासात बसून काम करणाऱ्या माणसांना वीस आठवडे सारखाच व्यायाम दिला. दमसास मोजला, तर काहींचा जवळपास जागच्या जागी, काहींचा भरपूर वाढलेला.

हे वाचून तुम्ही लगेच थुंकीची नळी मागवाल. थांबा. जनुकांचा हात आहे हे खरं असलं, तरी चाचणी बघून तुमचा आहार सांगता येतो हे त्यातून निघत नाही. स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एक कमी चरबी खाणारा, दुसरा कमी कर्बोदकं खाणारा. निकाल २०१८ मध्ये आला. सरासरी घट ५.३ आणि ६ किलो, म्हणजे सारखीच. पण दोन्ही गटांत पंचवीस किलोंहून जास्त घटवणारेही होते आणि वजन वाढवून बसलेलेही. कोणाला कोणता आहार लागू पडेल हे त्यांच्या जनुकांवरून आधी सांगता येतं का, हेही पाहिलं होतं. नाही आलं. ते पैसे रक्ततपासणीला ठेवा.

दुपारी एकपर्यंत उपाशी राहण्याचं गूढही उतरवून ठेवतो. चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभराचा प्रयोग झाला, २०२२ मध्ये छापून आला. दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी, एका गटाला त्या आठ तासांतच खायच्या होत्या. वर्षाअखेर दोघांच्या वजनात म्हणावा असा फरक नव्हता. ज्याला सकाळी भूकच लागत नाही त्याला उपास सोयीचा, त्याने तो करावा. तुम्हाला सकाळी भूक लागते का हे तुम्ही लिहिलंच नाही. तक्त्यात विचारलंच नव्हतं, म्हणून असेल.

मीही एकदा असाच एका मित्राच्या घड्याळावर वर्षभर जगलो. तो पहाटे पाचला उठून व्यायाम करायचा, ताजातवाना असायचा. मी उठायचो, व्यायाम करायचो आणि अकरा वाजता कामाच्या टेबलावर पेंगायचो. संध्याकाळी सहाला करू लागलो तेव्हा कळलं, की इतके दिवस मी स्वतःला आळशी म्हणत होतो, प्रत्यक्षात नुसता झोपाळलेला होतो. असो.

उपाशीपोटी पळण्याबद्दल मात्र मला गंभीरपणे बोलायचं आहे. खेळाडूंच्या वैद्यकात एक हिशेब करतात. खाल्लेल्या कॅलरींतून व्यायामाच्या वजा करायच्या आणि उरलेल्यांना चरबी सोडून शरीराच्या वजनाने भागायचं. प्रयोगांत तरुण बायकांमध्ये हा आकडा किलोमागे ३० कॅलरींच्या खाली गेला की पाळीच्या संप्रेरकांची लय बिघडताना दिसली. ती काही आखीव रेघ नाही, कोणाचं चाळीसला बिघडतं, कोणी पंचवीसला तग धरतं. पण तक्ता तंतोतंत पाळलेल्या दिवशी तुमचा आकडा वीस-बावीस येतो. शरीराच्या लेखी हा दुष्काळ. मग ते काटकसरीला लागतं. पाळी, केस, ऊब, झोप ही खाती आधी कापली जातात, कारण त्यांच्यावाचून जीव जात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ते उन्हाळ्यातही कुडकुडायचे, चिडचिडे झाले, त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नाशिवाय दुसरं काही नसायचं. त्यांना रोज मिळायच्या साधारण १५७० कॅलरी. पुरुष, तरुण, रोज मैलोन्‌मैल चालणारे, त्यामुळे तुलना अगदी बरोबरीची नाही. तरीही संध्याकाळच्या बिस्किटांसाठी स्वतःला शिव्या देण्याआधी ही माणसं आठवा. भुकेलेलं शरीर डब्याकडे हात नेणारच. त्यात चोरी कसली?

धाकटीला हे जरूर वाचायला द्या. तिने १२०० खरंच पाळल्या तर तिचाही आकडा तुमच्याएवढाच खाली येतो. तिला अजून त्रास नाही, एवढंच. तिची पाळी पुढेमागे झाली तर तिनेही तक्ता खाली उतरवायचा.

आता करायचं काय. पहिले दोन आठवडे वजन उतरवायचा प्रयत्नच करू नका. सतराशेच्या आसपास खा, तीन वेळा, आणि धान्य ताटात परत येऊ द्या. वजनकाटा एखाद-दीड किलो वर जाईल. स्नायूंत साखरेचा साठा भरतो आणि तो पाणी धरून ठेवतो, तेच हे वजन, चरबी नव्हे. प्रथिनं मात्र वाढवा. किलोमागे १.२ ग्रॅम धरलं तर तुमच्यासाठी ७५ ते ८० ग्रॅम होतात. एकाच जेवणात कोंबू नका, तिन्ही वेळांत वाटून घ्या : कडधान्यं, दूध, अंडी, मासे, जे तुम्ही खाता त्यातून. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दूध पचत नसेल तर जबरदस्ती नको. जगातल्या बहुसंख्य प्रौढांना दुधातली साखर पूर्ण पचत नाही, त्यात वैगुण्य काही नाही. चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब ठेवा, ती लोहाच्या वाटेत आडवी येते. आणि तीनला येणाऱ्या जागेपायी दुपारनंतरची कॉफी बंद करून पाहा. कॉफीतल्या कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात, पण कोणाला दोन आणि कोणाला नऊ. कॅफिन मोडतं ते यकृत, आणि धाकटी रात्री कॉफी पिऊन घोरत असेल, तर ते तिचं यकृत.

झोपेला कमी लेखू नका. २००४ मध्ये छापलेल्या एका छोट्या प्रयोगात १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिलं. भूक वाढवणारं संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याची खूण देणारं १८ टक्क्यांनी घटलं. ‘शरीराचं ऐका’ असं जे येताजाता सांगतात, त्यात हीच अडचण आहे. अपुऱ्या झोपेचं शरीर खोटी भूक सांगतं, म्हाताऱ्या शरीराला तहान उशिरा कळते, आणि ज्याने वर्षानुवर्षं व्यायाम केलेला नाही त्याचं शरीर पहिल्या दिवशी ‘थांब’ म्हणतंच. ऐकायचं, पण साक्षीदाराचं ऐकतात तसं. दुसरा पुरावा जुळतो का ते पाहून.

तो पुरावा एका वहीत ठेवा. सकाळी उठल्यावर अंथरुणातच मोजलेली नाडी, जिना चढल्यावरची धाप, संध्याकाळी सहाची भूक, झोप, पाळीच्या तारखा. कंबर दोन आठवड्यांतून एकदा. वजन रोज बघायचं असेल तर बघा, पण आठवड्याच्या सरासरीकडे लक्ष द्या. पाळीच्या आधी पाण्यानेच किलो-दोन किलो वर जातं. आणि एका वेळी एकच बदल, किमान तीन-चार आठवडे. एकदम चार गोष्टी बदलल्या की कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही. धाकटीला तरी कुठे माहीत आहे, तिला उपासाने गुण आला की पळण्याने?

रिपोर्ट ठीक आले, डॉक्टरांनी होकार दिला, की व्यायाम परत सुरू, पण पळण्यापासून नाही. हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, आणि तळपायाचा पट्टा महिने घेतात. म्हणून दम पुरतो आणि टाच मात्र बोंब मारते. आधी भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. घड्याळ ‘२२० वजा वय’ काढून नाडीची जी मर्यादा दाखवतं, ती सरासरी आहे. तुमच्या वयाला १७६ येतात, पण खरी कमाल नाडी दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं अगदी सामान्य. टाचेला : पोटरीचा ताण आणि पायरीच्या कडेवर चवडे टेकून सावकाश वर-खाली. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसेल, तर केलेलं सोसलं असं समजायचं. आठवड्यातून दोनदा वजनं उचलायची. तुमच्या त्या कागदावर हेच नेमकं नव्हतं, आणि चव्वेचाळीशीत स्नायू आणि हाडं राखायला तुम्हाला पळण्याआधी याची गरज आहे.

प्रत्येकाचं शरीर वेगळं, हे वाक्य फार लांब ताणू नका, एवढंच बजावतो. मला पत्रं येतात, ‘माझ्या शरीराला भाज्या मानवत नाहीत’, ‘माझ्या प्रकृतीला व्यायाम सोसत नाही’. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे सांगितलेत, ते जवळजवळ सगळ्यांसाठी. भाज्या, चोथा, प्रथिनं, झोपही सगळ्यांसाठी. किती, केव्हा, कशातून आणि कुठून सुरुवात, हे ज्याचं त्याचं.

वजन उतरवायचंच असेल तर दीड-दोन महिन्यांनी बघू. पाळी रुळली, धाप गेली, संध्याकाळचा डबा आपोआप विसरला जाऊ लागला, की रोज अडीचशे-तीनशे कॅलरींची तूट, त्याहून जास्त नाही. तोवर बिस्किटं खावीशी वाटली तर बशीत घ्या आणि खुर्चीवर बसून खा, घरातल्यांसमोर. आणि विश्रांतीतही धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर आली, किंवा रक्तस्राव इतका झाला की तासातासाला पॅड बदलावं लागतंय, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.